जोड्या पूर्ण

सहलीआधीच्या पालकसभेत दर वर्षी एक तरी बाप उठतो आणि विचारतो, "मॅडम, या शैक्षणिक सहलीकडून आम्ही नेमकी काय अपेक्षा ठेवायची?" यंदा विचारणारे वकील होते. त्यामुळे प्रश्न विचारून झाल्यावर ते खाली बसले नाहीत, उभेच राहिले.

मी म्हटलं, "ठेवा की! मूल परत येईल तेव्हा त्याच्या बॅगेत दुसऱ्याचा टॉवेल असेल आणि स्वतःची पाण्याची बाटली नसेल. तुम्ही हौसेनं दिलेले मोजे घडीसकट परत येतील. घसा बसलेला असेल. काय पाहिलं विचारलंत तर 'मजा आली' म्हणेल आणि झोपून जाईल. मग कधीतरी दोन महिन्यांनी, जेवताना, अचानक तुम्हाला पृथ्वी फिरते याचा पुरावा द्यायला लागेल. तेव्हा समजा, सहल पोचली."

लोक हसले. वकीलसाहेबही हसले आणि बसले. मग एका काळजीवाहू आईनं विचारलं, "पण एवढ्या पोरांवर लक्ष कोण ठेवणार?"

"मी ठेवणार. माझ्याबरोबरचं प्रत्येक मूल मी माझंच समजते."

"आणि तुमची स्वतःची मुलगीही त्याच वर्गात आहे ना, मॅडम?"

"आहे की. तिला मी दुसऱ्याची समजते!"

त्यावर तर सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. मुख्याध्यापिकाबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मागच्या रांगेत, दप्तर मांडीवर घेऊन, माझी लेक बसली होती. तीही हसली. बाकीचे हसतायत ते पाहून मग हसली, पण हसली.

मी भूगोल शिकवते आणि शाळेच्या सहली काढते. फटकळ आहे, हे लोकांनी मला इतक्यांदा सांगितलंय की आता मीच आधी सांगून टाकते. नाकावर माशी बसू देत नाही. आणि एक गोष्ट मला मुळीच खपत नाही. कुणी म्हणावं, 'बाईंची पोरगी म्हणून तिचे लाड होतात.' छे! त्या एका वाक्याला मी इतकी भ्यायले की लेकीचे लाड तर सोडाच, तिच्या वाटणीचंही मी दुसऱ्यांना देत आले.

लेकीला आम्ही घरात गोगी म्हणतो. गोगलगायीवरनं. सगळं हळू. खाणं हळू, बोलणं हळू, बूट घालणं तर विचारूच नका. माझा नवरा औषधाच्या दुकानात बसतो, त्याला घाईगर्दीची सवय. तोसुद्धा तिच्या बुटाची नाडी बांधून होईपर्यंत दारात शांत उभा राहतो. मला नाही जमत. मी खाली रस्त्यावरून हाका मारते.

सहलीच्या आधी मी तिला समोर बसवून नियम सांगितला. "बसमध्ये पाय ठेवल्यापासून परत घरी येईपर्यंत मी आई नाही. मॅडम. काय?"

"मॅडम," ती म्हणाली.

"आणि तुम्ही म्हणायचं."

मग त्या दिवशी जेवताना तिनं सराव केला. "मॅडम, जरा मीठ देता का?" नवऱ्याला ठसका लागला. तो मला म्हणाला, "अगं, लेक आहे की बँकेतला कारकून?" मीही हसले. गोगी गंभीरपणे मिठाची वाट बघत होती.

आता माझी जोडी पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सहल कंपनीचा व्यवस्थापक असतो, तो डोकी मोजतो. यंदा जे आले होते ते कायम टोपी घालून, म्हणून पोरांनी त्यांचं नाव टोपीवाले ठेवलं. पहिल्याच ओळखीत त्यांना मी ठणकावलं, "डोकी मेंढरांची मोजतात. माझ्या सहलीत जोड्या असतात." प्रत्येक मुलाला एक जोडीदार. चालताना, जेवताना, बसमध्ये, सगळीकडे बरोबर. मी शिट्टी मारून 'जोडी!' म्हटलं की प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. एकट्याचा हात वर दिसला की समजायचं, कुणीतरी मागे राहिलंय. वर्षानुवर्षं चालवलेली पद्धत. कधी एक पोर इकडचं तिकडे झालं नाही.

आणि दोन नियम. पहिला: आपली जोडी सांभाळा, दुसऱ्यांच्या चौकशा नकोत. नाहीतर पोरं दिवसभर 'मॅडम, हा तिकडे गेला, मॅडम, ती तिकडे गेली' करून डोकं उठवतात. दुसरा: चुकलात तर आहात तिथंच थांबा. तुमचा जोडीदार तुम्हाला शोधत येईल.

निघायच्या सकाळी एका मुलीला ताप आला आणि ती गळाली. तिची जोडी होती शाळेच्या अध्यक्षांची नात. ही एकटी उरली आणि बसच्या पायरीवर बसून तिनं असा काही सूर लावला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. गोगीची जोडी होती चष्मिस. बालवाडीपासूनची मैत्रीण, जाड भिंगांचा चष्मा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. दोघी आठवडाभर ठरवत होत्या, खिडकीत कोण बसणार, जाताना कोण आणि येताना कोण.

मी क्षणाचाही विचार केला नाही. "चष्मिस, तू हिच्याबरोबर. गोगी, तुझी जोडी मी."

चष्मिसचा चेहरा पडला. नातीचं रडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. आणि मी गोगीकडे बघितलं तर तिचा चेहरा उजळला होता! मला वाटलं होतं फुगून बसेल. ती माझ्याजवळ आली आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "म्हणजे मॅडम, तुम्ही माझा हात धरणार?"

"रस्ता ओलांडताना. चल, बस गाठ."

आता सांगते, धरला नाही. एका हातात फाईल, दुसऱ्यात फोन, गळ्यात शिट्टी. रस्ते किती ओलांडले, गोगी माझ्या ओढणीचं टोक धरून चालत होती. मला ते जाणवत होतं आणि मी एकदा तिच्यावर डाफरलेसुद्धा, "ओढू नकोस, पिन निघेल."

बसमध्ये मोडक्या पाठीची एक सीट होती, ती तिला. मुक्कामाच्या खोलीत पलंग कमी पडला, जमिनीवरची गादी तिला. जेवणाच्या रांगेत ती शेवटी. कुणी काही विसरलं की आणायला गोगी, कारण दुसऱ्याच्या मुलाला कामाला लावलं तर त्याचे आईबाप शाळेत येतील. आपलेच दात नि आपलेच ओठ, ती कुणाकडे तक्रार करणार? पीटीचे सर बरोबर होते, ते एकदा म्हणाले, "बाई, पोरीला जरा बसू द्या की." मी म्हटलं, "सर, तुम्ही मुलांचं बघा." ते मुलांकडे वळले.

विज्ञान केंद्राचा दिवस. मोठी इमारत, आत शिरल्याबरोबर गोल दालन आणि त्याच्या मधोमध छतापासून लोंबणारा लंबक. खाली वर्तुळात लाकडाच्या छोट्या खुंट्या उभ्या केलेल्या. लंबक डुलत राहतो, आणि खालची जमीन, म्हणजे आपली पृथ्वी, त्याच्याखाली हळूहळू फिरते; म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकेक खुंटी त्याच्या वाटेत येते आणि पडते. भूगोलाच्या बाईला यापरतं सुख नाही. मी मुलांना समजावून सांगितलं. मुलं दोन मिनिटं बघत राहिली, एकही खुंटी पडेना, मग ती आरशांच्या खोलीकडे पळाली.

गोगी तिथंच कठड्याला हनुवटी टेकून उभी. "मॅडम, आता पडेल. अगदी जवळ आलाय."

"चल, रांग अडतेय."

"एकच खुंटी."

"गोगी!"

ती आली. मागं बघत बघत आली.

संध्याकाळी केंद्र बंद व्हायची वेळ झाली. मुलं बसकडे निघाली आणि तेवढ्यात नातीनं पुन्हा सूर लावला. तिचं जाकीट सापडेना. जांभळं, आजोबांनी परदेशातून आणलेलं. 'आजोबा मारतील' पासून 'आजोबा शाळेत येतील' पर्यंत तिचं सगळं म्हणून झालं. दुसरं वाक्य माझ्या जास्त कानात शिरलं. मी गोगीला म्हटलं, "पळ, आत बघून ये. आरशांची खोली, मग लंबकापाशी. आणि हळूबाई, आज जरा पाय उचल."

ती पळाली. खरंच पळाली. मी तिला दारातून आत जाताना पाहिलं.

त्यानंतर एकाच वेळी चार गोष्टी झाल्या, जशा सहलीत नेहमीच होतात. एक मुलगा बसच्या चाकाजवळ ओकला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली, कारण मागं दुसऱ्या शाळेच्या बसेस खोळंबल्या होत्या. टोपीवाले त्या बसवाल्यांशी हुज्जत घालायला गेले. आणि बसच्या आतून नात किंचाळली, "मॅडम, सापडलं! सीटखाली होतं!"

मी आत चढले आणि तिची अशी खरडपट्टी काढली की सगळी बस चिडीचूप. "काखेत कळसा नि गावाला वळसा! डोळे कुठं ठेवले होते? सगळ्यांना वेठीला धरलंस!" बोलून झाल्यावर मला बरं वाटलं. जाकीट मिळालं, प्रकरण मिटलं. आजोबा शाळेत येणार नव्हते.

मी शिट्टी मारली. "जोडी!"

हात वर गेले. दोन दोन, दोन दोन, मागच्या सीटपर्यंत. मी प्रत्येक जोडीवरून नजर फिरवली. एकही हात एकटा नव्हता.

चष्मिस तेवढ्यात म्हणाली, "मॅडम, गोगी..."

"आपली जोडी बघ! दुसऱ्यांच्या चौकशा नकोत म्हणून किती वेळा सांगायचं?"

तिनं तोंड मिटलं. दिवसभर न मिटणारं ते तोंड माझ्या एका ओरडण्यानं मिटलं. टोपीवाल्यांनी दारातून विचारलं, "पूर्ण?" आणि मी म्हटलं, "पूर्ण." बस सुटली.

सगळ्यांच्या जोड्या मी बघितल्या. माझी सोडून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शहर मागं पडलं, हमरस्ता लागला. मुलं गाण्याच्या भेंड्या खेळायला लागली. मी पुढच्या सीटवर, शेजारच्या जागेवर फाईल टाकून, डोळे मिटून बसले आणि, खरं सांगते, मनात स्वतःची पाठ थोपटत होते, की चला, आजचा दिवस पार पडला. टोपीवाल्यांनी खाऊ वाटला. मोजून आणलेली पाकिटं, प्रत्येकात एक सँडविच आणि एक केळं. वाटत मागपर्यंत गेले आणि परत पुढं आले, तर हातात एक पाकीट शिल्लक.

"मॅडम, एक उरलं."

"त्या ओकणाऱ्यानं घेतलं नसेल."

"त्याला दिलं. मांडीवर घेऊन बसलाय."

"मग तुम्ही खा."

"माझं मी घेतलं. पीटी सरांनी घेतलं. तुमचं तुम्हाला दिलं. हे मुलांपैकीच कुणाचं तरी आहे." ते पाकीट माझ्यासमोर धरून उभे होते, आणि मागून चष्मिसचा बारीक आवाज आला. ती रडत होती. "मॅडम, ते गोगीचं आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण ते नंतर. आधी काय झालं ते सांगते, कारण तेच सांगायला मी बसलेय. पाकीट उरलं, मूल राहिलंय, एवढं कळल्यापासून ते 'गोगीचं' हा शब्द ऐकेपर्यंत जो जरासा वेळ गेला, त्यात मला वकीलसाहेब दिसले, ती काळजीवाहू आई दिसली, अध्यक्ष दिसले, वर्तमानपत्र दिसलं. आणि 'गोगी' ऐकल्यावर माझ्या छातीवरून ओझं उतरलं. माझी. माझीच! कुणाची नाही. मी सुस्कारा टाकला. आईनं, आपली पोर परक्या गावात मागं राहिली हे कळल्यावर, सुस्कारा टाकला!

एवढ्यावर थांबले असते तरी ते माझ्याजवळच राहिलं असतं. पण मुलं घाबरली होती, कुणी कुणी रडायला लागली होती, म्हणून मी उठून उभी राहिले आणि वर्गात सांगतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "शांत बसा! काही झालेलं नाही. माझीच आहे. घाबरायचं कारण नाही."

मग खाली बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "बस वळवा."

ड्रायव्हरला बस वळवायला जागा मिळेना. मधे दुभाजक. पुढं जायचं, आणखी पुढं जायचं, वळण येईना. लेकीपासून लांब लांब जात होते आणि काही करता येत नव्हतं. फोन काढला. दुपारी केंद्रातल्या तारांगणाच्या खेळाआधी मी तो गप्प करून ठेवला होता आणि तसाच विसरले होते. एकाच अनोळखी नंबरचे कॉल, एकाखाली एक. मी उलट फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. पीटीचे सर शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, काही होणार नाही. आणि एका परीनं बरं झालं, तुमचीच होती. दुसऱ्याची असती तर उद्या शाळेच्या दारात मोर्चा आला असता."

चांगल्या मनानं बोलले ते. आणि मी मान डोलावली. स्वतःच्या मानेचा इतका राग मला कधी आला नव्हता.

तिथं पोचलो तेव्हा केंद्राचं फाटक लावलेलं होतं, बाजूचं छोटं दार तेवढं उघडं. मी बस थांबायच्या आत उतरले. पळताना चप्पल निघाली, ती तिथंच राहू दिली. गोल दालनात एकच दिवा होता. पहारेकरी खुर्चीवर बसला होता, आणि लंबकाच्या कठड्याला हनुवटी टेकून गोगी उभी होती. सकाळी मी तिला हाक मारून जिथून हलवलं होतं त्याच जागी.

पहारेकरी उठून तावातावानं आला. "तुम्हीच का ती मॅडम? किती फोन केले तुम्हाला! म्हटलं, बाहेर माझ्या केबिनमध्ये चल, तिथं फोनही नीट लागतो. हलेचना पोरगी. म्हणे, माझी जोडी येईल. म्हणून मीच फोन तिथं ठेवून हिच्याजवळ बसलो. लहान पोराला एकटं कसं सोडायचं?"

तो बोलत होता ते सगळं मला लागू होतं.

गोगीनं वळून पाहिलं. रडली असावी, गालावर ओघळ वाळलेले होते. मी वाट बघत होते, ती धावत येईल आणि गळ्यात पडेल. ती सरळ उभी राहिली, शाळेत शिक्षक वर्गात आल्यावर राहतात तशी, आणि म्हणाली, "मॅडम, जाकीट नाही सापडलं. सगळीकडे बघितलं मी. आरशाच्या खोलीत दोनदा बघितलं."

"अगं, ते सापडलं. बसमध्येच होतं."

"हो का?" तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं तिला. "मला वाटलं, मला उशीर झाला म्हणून तुम्ही चिडून गेलात."

मी तिला ओढून घेतलं. "आई म्हण गं. इथं कुणी नाहीये. आई म्हण."

तिनं पहारेकऱ्याकडे बघितलं. "ते आहेत," ती म्हणाली. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, सांगायला लागली, "मॅडम, खुंट्या पडल्या. मी बघितल्या. आधी नुसती हलते, मग परत येताना लंबक तिला पाडतो. तुम्ही सांगितलं होतं तस्संच."

बसपर्यंत मी तिचा हात धरून आणला. रस्ता ओलांडताना धरला, ओलांडल्यावरही सोडला नाही. तिची बोटं माझ्या हातात सैल पडून होती. बसमध्ये मुलांनी टाळ्या वाजवल्या, चष्मिस तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली आणि नातीनं आपलं जांभळं जाकीट तिच्या अंगावर घातलं. टोपीवाल्यांनी ते उरलेलं पाकीट तिला दिलं. गोगी मागं चष्मिसजवळ दाटीवाटीनं बसली आणि तिथंच खाल्लं. मी पुढं बसले. माझ्या शेजारची, मोडक्या पाठीची सीट रिकामी होती.

मुक्कामाला पोचल्यावर नवऱ्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. म्हणजे, तो सुस्कारा वगळून सगळं. मी म्हटलं, "अरे, शिव्या तरी दे."

"तिला दे फोन," तो म्हणाला.

गोगीनं फोन घेतला. मी शेजारी उभी. "बाबा, मजा आली," ती म्हणाली. "लंबक बघितला. नाही, रडले नाही. जेवले. हो, मॅडम आहेत इथंच." आणि फोन मला परत दिला. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ते मी आजवर थट्टेनं म्हणत आले होते. एका शब्दानं तिनं बापाकडे माझी चहाडी केली नाही. केली असती तर मला झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मुलं रांगेत उभी होती. रोज निघायच्या आधी ज्याला जे सांगायचंय ते तो सांगतो. कुणाचं पोट दुखतंय, कुणाचा बूट फाटलाय, कुणाला पुढची सीट हवी. मी आदल्या संध्याकाळपासून मनाशी ठरवलं होतं की आज गोगीला माझ्याजवळ, खिडकीत बसवायचं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. फाईल टोपीवाल्यांकडे देऊन टाकली होती. दोन्ही हात मोकळे ठेवले होते.

गोगी त्या रांगेत उभी होती. आपला नंबर येईपर्यंत उभी राहिली. मग पुढं आली.

"मॅडम, मला जोडी बदलून हवी."

"का गं?" मी हळू विचारलं. "आज मी तुझा हात सोडणार नाही. वचन."

"तसं नाही." ती बुटाच्या टोकाकडे बघत होती. सगळं हळू करते ना ती, तसं हेही अगदी हळू बोलली. "काल मी मागं राहिले तेव्हा बसमध्ये चष्मिस रडली."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, माझीच आहे, घाबरायचं कारण नाही. सगळे सांगत होते."

"अगं, ते मुलांना धीर यावा म्हणून..."

"मला माहितीये, मॅडम." तिनं मान वर केली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी समजूत घातली असती, त्यात मी पटाईत आहे. "पण मला चष्मिसचीच जोडी द्या. मी हरवले की ती घाबरते."

मागं रांगेत मुलं खोळंबली होती. मी म्हटलं, "ठीक आहे. तुम्ही तिघी एकत्र."

"थँक्यू, मॅडम," ती म्हणाली, आणि पळाली. पाय उचलून पळाली.

बसमध्ये सगळे चढल्यावर मी शिट्टी मारली. "जोडी!" हात वर गेले, दोन दोन, दोन दोन. मागच्या सीटवर तीन हात एकात एक गुंतलेले. मी तरीही सीटमागून सीट हिंडत, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून, मेंढरं मोजतात तशी डोकी मोजली. गोगीच्या डोक्यावर हात जरा जास्त वेळ राहिला. तिनं तो राहू दिला.

"पूर्ण?" टोपीवाल्यांनी विचारलं.

पुढच्या सीटवर तो कालचा ओकणारा मुलगा होता, त्याला नियम चांगले पाठ. तो माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमची जोडी?"

"मला नाही," मी म्हटलं. "पूर्ण. चला."